प्रागची खिडकी

गावांची ओळख आपल्याकडे बहुधा तिथल्या जिनसांवरून होते. नागपूरची संत्री, सांगलीची हळद, येवल्याची पैठणी, साताऱ्याचे कंदी पेढे! कुणी परगावी निघाले, की शेजारीपाजारी हक्काने सांगतात, "येताना आमच्यासाठी तेवढे घेऊन या हं!" युरोपातल्या शहरांचेही तेच आहे. सोलिंगेनच्या सुऱ्या आणि मुरानोची काच जगभर नावाजलेली आहे. चेक देशाची राजधानी प्राग. तिथेही काचेची सुरेख भांडी मिळतात, आणि बीअर तर मिळतेच मिळते. पण प्रागने जगाला दिलेली खरी खासियत पिशवीत घालून आणता येत नाही. प्रागमुळे इंग्रजी भाषेला एक क्रियापद मिळाले आहे. ते क्रियापद म्हणजे 'डिफेनेस्ट्रेट'.

शब्द जिभेला जरा जडच. पण अर्थ ऐकाल तर थक्क व्हाल. 'डिफेनेस्ट्रेट करणे' म्हणजे एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकून देणे! दारातून हाकलणे नव्हे, गच्चीवरून ढकलणे नव्हे. फेकायचे ते खिडकीतूनच. एवढ्या एका कामासाठी ज्या भाषेला स्वतंत्र क्रियापद लागले, तिच्यामागे काहीतरी घडले असले पाहिजे, असे कुणालाही वाटेल. आणि तसे ते घडलेही होते. एकदा नव्हे, अनेकदा.

आधी शब्दच उलगडून पाहू. लॅटिनमध्ये 'डि' म्हणजे 'पासून' किंवा 'खाली' आणि 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. फ्रेंचांची 'फनेत्र', इटालियनांची 'फिनेस्त्रा' आणि जर्मनांची 'फेन्स्टर' या साऱ्या त्याच आजीच्या नाती. गंमत अशी, की जुन्या रोमन लोकांच्या अभिजात लॅटिनमध्ये हे क्रियापद नव्हते. खिडकी त्यांची, फेकाफेकीचा शब्द मात्र नंतरच्या पंडितांनी जुळवलेला. प्रागमध्ये १६१८ साली जो प्रकार झाला, तो ऐकून साऱ्या युरोपला धक्का बसला. त्याला काहीतरी भारदस्त नाव हवे होते, आणि त्या काळी भारदस्तपणा म्हणजे लॅटिन. वर्षा-दोन वर्षांत 'डिफेनेस्ट्रेशन' हे नाम इंग्रजीतही शिरले. क्रियापद पुष्कळ उशिराचे. ते नामावरून मागाहून पाडलेले. हल्ली तर संगणकवाली तरुण मंडळी आपल्या यंत्रातून 'विंडोज' काढून टाकली, की ती 'डिफेनेस्ट्रेट' केली असे म्हणून हसतात!

आपल्याला या शब्दाचे फार नवल वाटायला नको. मराठीत 'कडेलोट' आहे. कड्यावरून लोटणे, एवढा सरळ शब्द. रायगडावरचे टकमक टोक पाहताना वाटाड्या हा शब्द उच्चारतो, तेव्हा पोटात गोळा येतो. आपल्याकडे कडे होते म्हणून कडेलोट झाला, प्रागला उंच वाड्यांच्या खिडक्या होत्या म्हणून हा शब्द झाला. प्रत्येक देशाने आपापल्या भूगोलाप्रमाणे शिक्षेची सोय केली, असे म्हणावे लागते.

माझा भाचा जर्मनीत ड्रेस्डेनला नोकरीस आहे. "मामा, इथवर आलात आणि प्राग न बघता गेलात, तर आईला मी काय तोंड दाखवू?" असा त्याचा लकडा सुरू झाला. ड्रेस्डेनहून आगगाडीने प्राग दोन-अडीच तासांच्या वाटेवर. गाडी बराच वेळ एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वालुकाश्माचे उभे सुळके आणि अधूनमधून उतरत्या छपरांची चिमुकली गावे. सरहद्द केव्हा ओलांडली ते स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरे बदलली तेव्हा कळले. अक्षरांच्या डोक्यावर छोट्या टोप्या आणि टिंबे दिसू लागली. सौभाग्यवती म्हणाली, "अय्या, यांच्याकडेही काना-मात्रा आहेत की!"

प्रागमध्ये उतरल्यावर लोक सहसा जुन्या चौकातले घड्याळ बघायला धावतात. आम्ही आधी चार्ल्स चौकाकडे गेलो, कारण खिडक्यांची कथा तिथून सुरू होते. तिथे नव्या नगराचे सभागृह आहे. नाव नवे, वस्ती मात्र चौदाव्या शतकातली! यान हुस या धर्मसुधारकाला १४१५ साली कॉन्स्टन्स गावी जिवंत जाळले. त्याचे अनुयायी त्यानंतर चार वर्षे धुमसत होते. ३० जुलै १४१९ रोजी यान झेलिव्हस्की नावाच्या धर्मोपदेशकाने त्यांची मिरवणूक या सभागृहावर नेली. अटकेतल्या आपल्या माणसांना सोडा, एवढीच मागणी. वरून नकार आला. कुणी म्हणतात, दगडही आला. मग जमाव जिने चढून वर गेला आणि नगराध्यक्षासकट काही सभासदांना खिडक्यांतून खाली टाकले. खाली भाले रोखून लोक उभेच होते. हे ऐकून राजा चौथा वेन्सेस्लास इतका संतापला, की पंधरवडा-तीन आठवड्यांत, १६ ऑगस्टला, त्याचा अंत झाला. पुढे दीड दशक हुसपंथीयांची युद्धे चालली. आज त्याच सभागृहात लग्ने लागतात. भाच्याने ते सांगितल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "खिडक्या लावून घेत असतील ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस नंबरची ट्राम धरून आम्ही किल्ल्यावर गेलो. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर बुरूज आणि तटबंदी येते. इथे मात्र टेकडीवर एक गावच वसले आहे: मंदिरे, वाडे, चौक आणि बागा. जुन्या राजवाड्यात शिरले, की व्लादिस्लाव दालन लागते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेले हे दालन एवढे प्रचंड, की सरदार त्यात घोड्यांवर बसून भाल्यांचे खेळ खेळत. घोडे वर आणण्यासाठी रुंद, उतरता जिना मुद्दाम बांधलेला आहे. छताच्या दगडी कमानी वेलींसारख्या एकमेकींत गुंतत गेलेल्या. मान दुखेपर्यंत पाहावे असे ते दालन!

पण आम्हाला जायचे होते त्याच्या पलीकडच्या दोन खोल्यांत. ती बोहेमियाची कचेरी. व्लादिस्लाव दालन पाहून इथे आलेला माणूस निराशच होतो. कचेरी ती कचेरीच! एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीतही याहून जास्त थाट असेल. जाड भिंती आणि त्यांत खोल बसवलेल्या खिडक्या. मी खिडकीशी उभा राहिलो. खाली बाग, त्याखाली लाल कौलांची उतरंड आणि पलीकडे व्हल्टावा नदी. इतके प्रसन्न दृश्य, की इथून कुणी कुणाला फेकले असेल यावर विश्वास बसत नाही.

हकीकत अशी. बोहेमियाचे राज्य हाप्सबुर्ग घराण्याकडे होते. राजघराणे कॅथलिक, प्रजा बव्हंशी सुधारकांच्या बाजूची. सम्राट दुसरा रुडॉल्फ याने १६०९ साली प्रजेला धर्मस्वातंत्र्याची सनद लिहून दिली होती. पुढे दोन गावांतल्या प्रार्थनामंदिरांवरून तंटा उभा राहिला; एक बंद केले, दुसरे पाडले. सनद मोडली, असा सरदारांनी पुकारा केला. २३ मे १६१८ रोजी सकाळी ते या कचेरीत घुसले. राजाचे प्रतिनिधी तिथे हजर होते. दोघांना सोडून दिले. स्लावाता आणि मार्टिनित्स या दोघांवर मात्र उभ्या उभ्या खटला चालवला. आरोप करणारे तेच, न्याय देणारेही तेच. आधी मार्टिनित्सला बाहेर टाकले. स्लावाताने चौकट घट्ट धरून ठेवली, तेव्हा त्याच्या बोटांवर खंजिराच्या मुठीचा तडाखा बसला. चिटणीस फाब्रिसियस मध्ये पडला, तर त्यालाही त्याच वाटेने पाठवले. बिचारा कारकून! थोरांच्या भांडणात कारकुनाची गत सगळीकडे सारखीच.

उंची सुमारे सत्तर फूट सांगतात. आणि तिघेही वाचले!

इथून खरी मौज सुरू होते. कॅथलिक म्हणाले, साक्षात मेरीमातेने त्यांना झेलले. सुधारक म्हणाले, कसली माता नि कसले काय, खाली उकिरडा होता! पडणे एकच, साक्षीदार तेच. पण युरोपच्या एका भागात तो चमत्कार ठरला आणि दुसऱ्या भागात चेष्टेचा विषय. उकिरड्याची गोष्ट मागाहून जोडलेली असावी, असे अलीकडचे बरेच इतिहासकार मानतात. भिंतीचा उतार आणि अंगावरची जाड वस्त्रे कामी आली असतील, असे त्यांचे म्हणणे. फाब्रिसियसने सरळ व्हिएन्नाची वाट धरली आणि सम्राटाला बातमी दिली. पुढे त्याला सरदारकी मिळाली आणि नावापुढे जोड मिळाली, 'फॉन होहेनफाल'. याचा अर्थ 'उंचावरून पडलेला'. आपल्याकडे असता, तर त्याचे घराणे आज 'उंचपडकर' म्हणून मिरवत असते!

तिघांचे प्राण वाचले. देशाचे मात्र वाटोळे झाले. त्या सकाळीतूनच युरोपचे तीस वर्षांचे युद्ध पेटले. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या 'पांढऱ्या डोंगरा'वर बंडखोरांचा दोन-एक तासांत धुव्वा उडाला. २१ जून १६२१ रोजी जुन्या चौकात सत्तावीस जणांना देहान्त शासन झाले. त्यांतल्या बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर दहा वर्षे टांगलेली होती. चौकातल्या फरसबंदीत त्या सत्तावीस जणांचे सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेले आहेत. प्रवासी त्यांच्यावरूनच घड्याळ बघायला गर्दी करतात. आणि १६४८ साली युद्ध संपत आले, तेव्हाही लढाई चालली होती ती प्रागमध्येच, त्याच पुलावर. आग लागली त्याच घरात ती विझली. मधले सारे जळून गेले.

राजवाड्याच्या खालच्या बागेत दोन दगडी स्तंभ आहेत. दोघे राजप्रतिनिधी पडले त्या जागा दाखवणारे. कारकुनासाठी स्तंभ नाही.

तिथल्या बाकावर बसून डबा खाताना बोलणे खिडक्यांवर आले. चेक भाषेत खिडकीला 'ओक्नो' म्हणतात, असे भाच्याने सांगितले. डोळ्याला ते 'ओको' म्हणतात, त्यावरूनच हा शब्द. इंग्रजीतली 'विंडो' मूळची उत्तरेकडच्या नॉर्स लोकांची 'विंदाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. आणि आपला 'गवाक्ष'? गाईचा डोळा! चेकांचे 'ओको', इंग्रजांचा 'आय' आणि संस्कृतातले 'अक्षि' हे मुळात एकाच शब्दाचे वंशज. हजारो मैलांवरच्या माणसांनी भिंतीला भोक पाडले आणि प्रत्येकाला त्यात डोळाच दिसला. खिडकीच्या नावांचे दुसरेही एक कूळ आहे, ते दाराचे. गोव्याच्या कोकणीतले 'जनेल' पोर्तुगिजांच्या 'जानेला'वरून आले, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले लहानसे दार आहे. संस्कृत कोशातली 'खडक्किका' म्हणजेही बाजूचे लहान दार. आपली खिडकी तिच्याच नात्यातली. डोळा बघण्यासाठी आणि दार जाण्यासाठी, असा हा साधा हिशेब. प्रागच्या लोकांनी डोळ्याचे दार केले, आणि म्हणून त्यासाठी नवा शब्द लागला.

संध्याकाळी आम्ही किल्ल्यामागच्या लोरेटो चौकात गेलो. एका अंगाला लोरेटोचे देवालय. तिथल्या घंटा तासातासाला सूर धरून वाजतात. समोर चेर्निन राजवाडा. दीडशे मीटर लांबीचा हा दर्शनी भाग, त्यावर अर्ध्या खांबांची आणि खिडक्यांची न संपणारी रांग. इथे चेक परराष्ट्र खाते आहे.

१० मार्च १९४८ च्या पहाटे या वाड्याच्या आतल्या चौकात परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा देह सापडला. अंगावर रात्रीचे कपडे; वर त्यांच्या न्हाणीघराची खिडकी. ते देशाचे पहिले अध्यक्ष टोमास मासारिक यांचे चिरंजीव. महायुद्धात लंडनहून नभोवाणीवर बोलून त्यांनी आपल्या लोकांना धीर दिला होता. त्यांच्या मृत्यूपूर्वी काही दिवसच आधी, फेब्रुवारीत, कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली होती, आणि मासारिक मंत्रिमंडळात राहिले होते. सरकारने जाहीर केले, आत्महत्या. लोकांनी ऐकून घेतले आणि आपसांत एक कडवट विनोद सांगायला सुरुवात केली: मासारिक इतके टापटिपीचे गृहस्थ, की उडी मारल्यावर त्यांनी मागची खिडकीदेखील लावून घेतली!

या घटनेला काही जण 'प्रागचे तिसरे डिफेनेस्ट्रेशन' म्हणतात. नाव ऐकायला झोकदार आहे. पण जरा थांबून पाहा. 'डिफेनेस्ट्रेशन' म्हणजे फेकणे. हे नाव दिले, की निकाल लागलाच; चौकशीचे कारणच उरले नाही. आणि निकाल लागूनही अपराधी गुलदस्तात, कारण क्रियापदाला कर्ता लागतो, नामाला लागत नाही. कुणी फेकले, हे न सांगता 'फेकणे झाले' असे म्हणता येते. लॅटिनच्या भरजरी वस्त्राआड ढकलणारा हात खुशाल झाकून जातो.

मराठीत असे झाकून ठेवणे कठीण. मराठी माणूस पहिलाच प्रश्न करील, "तो पडला, की पाडला? की त्याने उडी मारली?" 'पडला' आणि 'पाडला' यांत फरक एका कान्याचा. पण त्या कान्याएवढ्या जागेत अपघात आणि खून यांच्यातले सारे अंतर मावते. आपल्या इतिहासातही असा एक काना हरवलेला आहे. १७९५ सालच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर आले आणि दोन दिवसांत गेले. वय अवघे एकवीस. तापाच्या भरात तोल गेला, की नाना फडणिसांच्या जाचाला कंटाळून त्यांनी उडी घेतली? दोनशे वर्षांवर लोटली, बखरी झाल्या, नाटके झाली, वाद झाले. आपण अजून 'पडले' म्हणतो आणि घुटमळतो.

चेक लोकही घुटमळले, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९६८ साली देशात मोकळे वारे वाहू लागले, तशी मासारिक प्रकरणाची चौकशी पुन्हा सुरू झाली. रशियन रणगाडे आले आणि वारे पडले. तेव्हाच्या चौकशीला काही खून सापडला नाही. कम्युनिस्ट राजवट १९८९ साली गेली. या शतकाच्या आरंभी पोलिसांनी देह पडला त्या जागेचा आणि अंतराचा हिशेब मांडून सांगितले, की हा खूनच. पण करणारा सापडत नाही. २०१९ मध्ये दप्तर पुन्हा उघडले, आणि २०२१ मध्ये खून, अपघात की आत्महत्या हे ठरवता येत नाही, असे सांगून ते मिटवले. सत्तर वर्षांहून अधिक काळ एक छोटा देश आपल्या एका माणसासाठी योग्य क्रियापद शोधत आला आहे. पुढारी बदलले, राज्यपद्धती बदलली, देशाचे दोन देश झाले, प्रश्न तोच.

मला या हट्टाचे मोठे कौतुक वाटले. मेलेला माणूस काही परत येत नाही. पण तो कसा गेला, हे नीट सांगणे मागे राहिलेल्यांकडे असते. '१६१८ मध्ये काय झाले' याची दोन उत्तरे युरोपने तयार केली आणि दोन्हीकडच्या लोकांनी आपापले उत्तर उराशी धरून तीस वर्षे एकमेकांचे गळे कापले. १९४८ चे उत्तर सरकारने तयार करून दिले, तर लोकांनी ते घेतले नाही. तीन शतकांत या शहराने कमावलेले शहाणपण ते हेच असावे.

घंटा वाजायला लागल्या. चौकात दोन-चार प्रवासी, एक फुलवाली आणि वाड्याच्या दारावरचा शिपाई, एवढीच माणसे. आम्ही ट्रामच्या थांब्याकडे निघालो. सौभाग्यवती अजून खिडक्यांच्या रांगेकडे मान वळवून पाहत होती.

"अहो, यांतली त्यांची कुठली?" तिने विचारले.

"ती आतल्या अंगाला आहे, मामी," भाचा म्हणाला. "इथून दिसत नाही."